खालच्या घाटाचा नमुना

“बाई, पाण्यात हात घालू नका. वर या अगोदर.”

मांजरा नदीच्या एका घाटावर, शेवटच्या पायरीवर मी उकिडवी बसले होते. बाही कोपराच्या वर दुमडलेली. हातात काचेची बाटली. बोटं नुकती पाण्याला टेकली होती. लातूर जिल्ह्यातलं गाव आहे. नाव सांगत नाही. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं निवांत होतात.

मागे वळून पाहिलं. वरच्या पायरीवर बापूसाहेब उभे होते. गावातली बडी असामी, नदीकाठच्या जमिनीचे मालक. बंधाऱ्यामुळे तुंबलेल्या पाण्यात त्यांना जलक्रीडा केंद्र काढायचं होतं. बोटी, पोहण्यासाठी कठडा, खायचे स्टॉल. रविवारी लातूर-उदगीरची माणसं पोरंबाळं घेऊन येणार. त्यासाठी पाणी पोहण्यालायक आहे आणि त्यात मासे जगू शकतात, असा तपासणीचा अहवाल हवा होता. त्या कामाला मी आले होते. लातूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. गाडीतून उतरले तेव्हा याच बापूसाहेबांनी “या मॅडम, या” केलं होतं.

मग मधे काय झालं? आडनाव झालं. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी विचारलं, “मॅडम, गाव कुठलं तुमचं?”

“नायगाव तालुका.”

“आडनाव?”

सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की वस्तीचा पत्ता सांगितल्यासारखंच असतं. ते “बरं, बरं” म्हणाले आणि माझ्यापासून चार हात लांब झाले. तिथून पुढे मॅडमची बाई झाले.

“आज देवाचं पाणी भरायलेत,” ते म्हणाले. घागरी घेऊन थांबलेली माणसं माझ्याकडं बघत होती. “माझं काय न्हाई. मी असलं काय मानत न्हाई. पण लोक ऐकत न्हाईत. पाणी बाटलं म्हणतेत.”

हे ‘माझं काय न्हाई’ मी कळतं तेव्हापासून ऐकतेय. नांदेडला कॉलेजात असताना खोली शोधत फिरले. घरमालकाचं काही नसायचं, बायकोचं असायचं. बायकोचंही नसायचं, सासूचं असायचं. एका घरात सासू भिंतीवर हार घालून टांगलेली होती. तरी तिचंच होतं. खोली मिळाली नाही.

“मग नमुना कसा घ्यायचा?” मी विचारलं.

“बाटल्या आमच्या माणसाकडं द्या. तो भरून आणतो.”

“चालत नाही. नमुना मलाच घ्यावा लागतो.”

“मग खालच्या घाटावर घ्या की. पाणी तर एकच हाय.”

मी उठले. बाटल्या पेटीत ठेवल्या. मला लाज वाटली. त्यांना वाटायला हवी होती ती मला वाटली, म्हणजे बघा किती मुरलेलं असतं हे. आमच्या घरात तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहाची गोष्ट पाळण्यातल्या लेकराला सांगतात. मी ती गोष्ट ऐकत मोठी झालेली पोरगी. आणि एका माणसानं बोट दाखवलं तर खाली निघाले. ओला हात तसाच होता, तो पुसायचंही सुचलं नाही.

खालचा घाट म्हणजे घाट नाहीच. वरच्या घाटाला घडीव दगडाच्या पायऱ्या आहेत, देवळाची भिंत आहे, पिंपळ आहे. तिथून खाली चालत निघालं की गावाचा नाला आडवा येतो. अख्ख्या गावाच्या संडासांचं, गोठ्यांचं, मोऱ्यांचं पाणी तिथं नदीत पडतं. नाकाला पदर लावून नाला ओलांडायचा. त्याच्या खाली काही दगड टाकलेले आहेत. तो खालचा घाट. मागे बौद्धवाडा. निळे झेंडे लांबून दिसतात.

आणि तिथं जमिनीवर चुन्याची फक्की मारलेली दिसली. लाल कापडं बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या. मी बापूसाहेबांच्या माणसाला विचारलं, “हे काय?”

“धक्का हाय ना जी. बोटी इथंच लागणार. वरच्या अंगाला खडक हाय, बोट लागत न्हाई.”

मी तिथंच उभी राहिले. म्हणजे माणसं इथं पाण्यात उतरणार होती. शहरातली लेकरं इथं पोहणार होती. आणि मला नमुना घ्यायला नेलं होतं नाल्याच्या वर, देवळापाशी, जिथलं पाणी त्यातल्या त्यात बरं. सगळा डाव नीट मांडलेला होता. फक्त माझं आडनाव मधे आलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून ‘खाली घ्या’ निघून गेलं. त्या माणसानं जात पाळली आणि स्वतःचाच घात करून घेतला. मला हसू यायला पाहिजे होतं. नाही आलं.

दगडावर एक बाई धुणं धूत होती. नंतर ओळख झाली, धुरपताबाई. माझ्या मायच्या वयाची. माझी पेटी बघून तिनं विचारलं, “पाणी तपासायला आलाव का?”

“हो मावशी.”

“मग आजवर कुणीच कसं आलं न्हाई?”

मी पेटी दगडावर टेकवली आणि विचारलं, “मासे आहेत का इथं?”

“हायेत की. सकाळच्याला तोंड वर करून असतेत. नुसता आ करतेत. पोरं हातानं धरून आणतेत.”

“पोरं इथंच पोहतात?”

“मग कुठं पोहतील माय? वर गेले की दगड बसतेत.” तिनं पिळलेलं लुगडं झटकलं. “अंगाला खाज सुटती. कान वाहतेत. माझ्या नातीचा तर कानच गेला एका बाजूचा. डॉक्टर म्हणला, पाणी बदला. कोणचं बदलू, सांग.”

पाणी माणसाला पोहायला चालेल की नाही हे बघायचं एक असतं, माशाला जगायला चालेल की नाही हे बघायचं दुसरं. पोहणाऱ्याच्या नाकातोंडात, कानात, डोळ्यात पाणी जातं. म्हणून त्यात विष्ठेतले जंतू किती, हे बघतात. त्याची बाटली आधीच निर्जंतुक केलेली असते, तोंडाला कागद बांधलेला. ती विसळायची नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, बाटलीचं तोंड प्रवाहाकडं करायचं, पाण्याखालीच भरायची, लगेच बर्फात ठेवायची. माशाचं वेगळं. त्याला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. ती बाटली एकही बुडबुडा न ठेवता भरायची आणि काठावरच त्यात दोन औषधं टाकायची. ऑक्सिजन असेल तर आत तळाशी बसणारा तपकिरी साका धरतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन. आणि काहीच नसेल तर साका पांढरा राहतो.

मी औषधं टाकली. बूच लावलं. बाटली खालीवर केली.

पांढरा. दुधासारखा पांढरा.

कॉलेजात शिकवलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. नदीच्या काठावर मी ते पहिल्यांदा बघत होते. धुरपताबाई वाकून बघायला आली. “हे चांगलं हाय का?” तिनं विचारलं. पांढरं म्हणजे स्वच्छ, असंच कुणालाही वाटणार. मी म्हणाले, “नाही मावशी. ह्याच्यात श्वासच नाही.”

तिनं धुण्याचा पिळा उचलला आणि पुन्हा त्याच पाण्यात बुडवला.

निकाल यायचा तसाच आला. जंतू इतके, की पोहणं सोडा, पाय धुवायला नको. मी अहवाल लिहिला, नमुन्याची जागा लिहिली: खालचा घाट, धक्क्याची नियोजित जागा. आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

आमचे सर म्हणजे प्रयोगशाळेचे मालक. शिकलेले, मृदू बोलणारे. आमच्या जयंतीला ते मला आवर्जून शुभेच्छा द्यायचे. दार लावून घे म्हणाले.

“नमुना चुकीच्या जागी घेतलास गं.”

“बापूसाहेबांनीच तिथं पाठवलं, सर. आणि जागा बरोबरच आहे. धक्का तिथंच होणार आहे.”

“हो, पण त्यांचा गैरसमज झाला त्या दिवशी. त्यांचा फोन होता. आता ते म्हणतायत, मॅडमना वरच्या घाटावर नमुना घेऊ द्या. गावातल्या लोकांना त्यांनी समजावलंय.” सर हसले. “बघ, तुला परवानगी मिळाली. तुझ्या मनासारखंच झालं की.”

“आणि अहवालात जागा काय लिहायची?”

“केंद्राचा धक्का. नदी एकच आहे ना शेवटी.”

पुन्हा तेच. माझा हात पाण्याला लागतो तेव्हा नदीचे दोन तुकडे. वरची देवाची, खालची आमची. आणि यांना कागद हवा असतो तेव्हा नदी एक. आपल्याला हवं तसं नदीला फाडायचं, हवं तसं शिवायचं. आणि शिवून देणार कोण, तर मी. माझ्या सहीनं. ज्या हातानं पाणी बाटत होतं त्याच हातानं सही करायची, म्हणजे पाणी शुद्ध.

“सर, तिथं लेकरं पोहणार आहेत,” मी म्हणाले.

“तुमची तर आताही पोहतातच की.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द इकडंतिकडं नाही. ते रागानं बोलले नाहीत, सहज बोलले. ‘तुमची.’ वर म्हणाले, “तुला मी संधी दिली. एवढ्या जणी आल्या होत्या मुलाखतीला. तरी तुला घेतली. त्याची जाण ठेव.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा बाप एसटी डेपोत मेकॅनिक. आयुष्यभर ग्रीसनं माखलेला. त्यानं मला शिकवलं, मी अभ्यास केला, पहिल्या वर्गात एमएस्सी झाले. यात यांची संधी कुठं आली? पण मी म्हणाले, “जाते मी, सर.” त्यांना वाटलं, मी मानलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या घाटावर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. वर चहा, कपबशीत. बशीत दोन बिस्किटं. बापूसाहेब स्वतः पुढे आले.

“या मॅडम, या. आता काय अडचण न्हाई. आता निवांत घ्या.”

तो ‘आता’ माझ्या कानात दाणकन वाजला. खुर्चीवर बसले नाही. चहा घेतला नाही. आधीचा अपमान साधा होता, गावरान होता. हा गोड होता. हे मला माणूस म्हणून वर घेत नव्हते. मी खोटं बोलावं म्हणून तेवढ्यापुरतं शिवून घेत होते. काम झालं की पायऱ्या धुऊन काढल्या असत्या, याची मला खात्री होती. आजही आहे.

मी शेवटची पायरी उतरले. हात कोपरापर्यंत घातला. पाणी गार होतं. मागे घागरीवाली माणसं होती, ती दुसरीकडं बघू लागली. कुणाचा देव कोपला नाही. कुणाची घागर फुटली नाही. मी वरच्या घाटाचा नमुना घेतला, बाटलीवर लिहिलं ‘वरचा घाट’, आणि पेटी उचलून नाल्याकडं चालू लागले.

“ओ मॅडम, झालं की. तिकडं कुठं?”

नाला ओलांडला. बापूसाहेब आणि त्यांची माणसं मागे. नाल्याशी येऊन ते थबकले, मग नाक दाबून आले. धुरपताबाई आणि आणखी दोघी-तिघी बाया दगडांवर होत्या. त्यांनी हात थांबवले. मी खालचा नमुना घेतला. लिहिलं ‘खालचा घाट, धक्क्याची जागा’. दोन्ही बाटल्यांत औषधं टाकलेली होती. चुन्याच्या फक्कीवर, दोन खुंट्यांच्या मधे, त्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत तपकिरी साका. एकीत पांढरा.

“ही वरची. ही इथली,” मी म्हणाले. “अहवालात दोन्ही जाणार. जागेची खरी नावं घालून.”

बापूसाहेबांचा चेहरा उतरला नाही. उलट समजूत घालायला लागले. “मॅडम, तुमाला इज्जत दिली. वर घेतलं. आता कामून गडबड करायलाव?”

वर घेतलं म्हणे. माझी जीभ त्या दिवशी जी सुटली ती सुटली.

“बापूसाहेब, पाणी एकच आहे म्हणाला होतात. मग इथल्या पाण्याची एक चूळ भरून दाखवा.”

“चूळ? ह्या पाण्याची?”

“ह्याच. इथं लोकांची लेकरं पोहवणार आहात. एक चूळ भरा.”

त्यांनी पाण्याकडं पाहिलं. मग बायांकडं पाहिलं. “ह्यात तुमचे लोक धुतेत,” ते म्हणाले.

“धुतात कपडे. बाटलीत जे निघालंय ते कपड्यांचं नाही. तो नाला कुणाच्या घरांमागून येतो?”

धुरपताबाई मधेच म्हणाली, “तुमच्याच की, बापूसाहेब.” हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. त्या बाईचं त्या गावात घर आहे, मजुरी आहे, रोजचं तोंड बघणं आहे. मी संध्याकाळी गाडीत बसून लातूरला जाणार होते. तिच्या त्या एका वाक्यापुढं माझं एवढं बोलणं सोपं होतं.

“औकातीत राहा,” बापूसाहेब म्हणाले. तिला म्हणाले की मला, कळलं नाही. फरकही पडत नव्हता.

“अहवाल माझ्या सहीशिवाय निघत नाही,” मी म्हणाले. “आणि खोट्या जागेवर मी सही करणार नाही.”

लातूरला पोचायच्या आत सरांना फोन गेलेला होता. मी दोन्ही नमुन्यांचा खरा अहवाल लिहिला, सही केली, ठेवला. सरांनी तो वाचलाही नाही. “उद्यापासून येऊ नकोस,” म्हणाले. “तुमच्या लोकांचं हेच असतं. जिथं जातात तिथं जात घेऊन येतात.”

मी घेऊन येते. आडनाव विचारणारे ते. घाट वाटणारे ते. दगड मारणारे ते. आणि जात घेऊन आले मी. वाटलं काहीतरी जबरी बोलावं, पण त्या माणसावर शब्द खर्च करायची इच्छाच उरली नाही. माझा ॲप्रन घेतला आणि निघाले.

गावी घरी गेले तर मायनं विचारलं, “गेली का नोकरी?” मी हो म्हणाले. तिनं ताट वाढलं. बाप म्हणाला, “सही न्हाई केली ना?” नाही म्हणाले. तो हात धुवून माझ्याशेजारी जेवायला बसला. आमच्यात त्यावर तेवढंच बोलणं झालं.

माझ्या सही न करण्यानं केंद्र थांबलं, असं मी सांगणार नाही. काम दुसऱ्या प्रयोगशाळेला गेल्याचं कानावर आलंय. तिथल्या कुणाचं आडनाव बापूसाहेबांना चालणारं असेल. तो वरच्या घाटावर बसेल, बाटली भरेल, जागा धक्क्याची लिहील. खुंट्या अजून तिथंच आहेत.

म्हणून मी परत गेले. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. माझ्या पैशानं घेतलेल्या बाटल्या, औषधं, एसटीनं. बौद्धवाड्यातल्या विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. त्यांना सगळं दाखवलं. तपकिरी काय, पांढरं काय. मासे सकाळी आ का करतात. कान का वाहतात. ज्या पाण्यानं खाज येते ते पाणी त्यांच्यामुळं घाण नाही, त्यांच्यावर घाण सोडलेली आहे, हे सांगितलं. मला वाटलं, समजावलं की झालं.

धुरपताबाईची नात तिच्या मांडीवर होती. चांगल्या कानाची बाजू माझ्याकडं करून ऐकत होती. धुरपताबाई म्हणाली, “कळलं माय. सगळं कळलं. आता सांग, उद्या सकाळी धुणं कुठं नेऊ?”

माझ्या बाटल्यांत याचं उत्तर नव्हतं. कुठल्याच प्रयोगशाळेत नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की ही मला हरवायला विचारत नाहीये. हिला खरंच उद्या सकाळी धुणं न्यायचंय.

“वरच्या घाटावर,” मी म्हणाले.

एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, “मारतील.”

“मारतील,” मी म्हणाले. “म्हणून एकटीनं जायचं नाही. सगळ्यांनी जायचं. मी पुढं.”

धुरपताबाईनं नातीला मांडीवरून उतरवलं, पदर खोचला आणि म्हणाली, “हिला बी नेऊ.”

मी आज धुरपताबाईच्याच घरी मुक्कामाला आहे. परवानगी मागितलेली नाही, मागणारही नाही. दिलेली परवानगी परत घेता येते, ते मी पाहिलंय. उजाडलं की आम्ही निघणार. नाला उलटा ओलांडणार. त्या घडीव पायऱ्या उतरणार आणि सगळ्या गावादेखत गुडघाभर पाण्यात उभ्या राहणार. परवाही जाणार. तेरवाही जाणार. आम्ही तिथं आहोत, याची त्यांच्या डोळ्यांना सवय होईपर्यंत जाणार, आणि सवय झाल्यावर नाल्याचं तोंड फिरवायला लावणार.